ऐकणाऱ्याच्या हातची संहिता

चोरट्या नभोवाणीची संहिता बोलणाऱ्याकडे शोधण्यात अर्थ नसतो. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेला मजकूर, मुद्रित तबकडी, कार्यक्रमाचे टिपण हा सारा पुरावा असतो; तो जितक्या लवकर नाहीसा होईल तितके बरे. परिणामी या वाङ्मयाचा (ते वाङ्मय आहे असे येथे गृहीत धरले आहे) टिकलेला भाग बव्हंशी ऐकणाऱ्याच्या हातचा आहे. ग्रहणावाचून संहिताच नाही, हे विधान समीक्षेत बहुधा रूपक म्हणून केले जाते. येथे ती साधी वस्तुस्थिती आहे.

युरोप-अमेरिकेत ही संहिता छांदिष्टांनी राखली. १९५८ मध्ये डेन्मार्कलगतच्या समुद्रातून ‘रेडिओ मर्क्युर’ आणि १९६४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेरून ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू झाले. १९६७ च्या ब्रिटिश कायद्याने अशा जहाजांना माल, माणसे वा जाहिराती पुरवणे गुन्हा ठरवले. ऐकणाऱ्यांचा छंद मात्र वाढतच गेला. अमेरिकेत १९८२ मध्ये गुप्त नभोवाणीच्या शौकिनांची ‘एस’ ही संघटना निघाली व तिचे त्याच नावाचे पत्रक प्रसिद्ध होऊ लागले. असल्या पत्रकांचा गाभा म्हणजे श्रोत्यांनी पाठवलेल्या श्रवणनोंदी. तारीख, जागतिक प्रमाणवेळ, किलोहर्ट्झमधील कंप्रता, केंद्राचे नाव, ऐकू आलेल्या कार्यक्रमाचा गोषवारा आणि शेवटी ‘सिन्पो’ हा पाच अंकी संकेत: सिग्नलची तीव्रता, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, लहरींच्या प्रवासातील चढउतार आणि एकंदर सुबोधता, प्रत्येकी एक ते पाच. ओळख पटली नसेल तर केंद्राच्या नावापुढे ‘बहुधा’ किंवा ‘तात्पुरते’ अशा अर्थाचे लघुरूप जोडण्याची शिस्त आहे.

या गद्याला वाङ्मयीन महत्त्वाकांक्षा नाही. त्यात फुशारकी पुष्कळ असते, आणि केंद्राकडून येणाऱ्या पोचकार्डाचा लोभ त्याहून अधिक. त्याचा खरा दोष वेगळाच आहे. केंद्र काय म्हणाले यापेक्षा ते किती दुरून आणि किती दुबळ्या ट्रान्समीटरवरून ऐकू आले याचेच कौतुक नोंदकर्त्याला असते. पंधरा मिनिटांच्या उपरोधिक प्रहसनाची बोळवण ‘विनोद, रॉक संगीत’ एवढ्या शब्दांत होते. तरीही एक गुण या नोंदींत आहे आणि तो दुर्मीळ आहे: न ऐकलेले त्या ऐकलेले म्हणून सांगत नाहीत. खरखरीने खाल्लेली जागा रिकामीच राहते.

भारतातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण मुंबईचे आहे. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेली ‘काँग्रेस रेडिओ’ २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर ऐकू येऊ लागली आणि १२ नोव्हेंबरला मुंबईतच पकडली गेली. हा लहरपट्टा युद्धापूर्वी हौशी रेडिओचालकांचा होता. १९३९ मध्ये त्यांचे परवाने रद्द झाले होते. ज्याने ट्रान्समीटर बांधला तो तंत्रज्ञ परवाना गमावलेला हौशीच होता, आणि अखेर पोलिसांना ठावठिकाणा सांगणाराही तोच. म्हणजे छंदाचे ओसाड पडलेले आवार चळवळीने वापरले. वृत्तपत्रांची तोंडे बंद असताना आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत याच लहरीवरून गेली. विदर्भातली घटना मुंबईच्या सदनिकेतून हिंदुस्थानी आणि इंग्रजीत बोलली गेली, हे मराठीच्या अभ्यासकाने विसरू नये.

ही प्रक्षेपणे आज वाचता येतात ती शासनाने केलेल्या श्रवणनोंदींमुळे. उषा ठक्कर यांच्या २०२१ च्या ग्रंथाने त्यांच्याकडे नव्याने लक्ष वेधले. सरकारी श्रोता रोज कान देऊन बसत होता, वेळ आणि मजकूर उतरवून घेत होता. बाह्यतः त्याची कृती छांदिष्टाहून वेगळी नव्हती. हेतू मात्र थेट उलटा. त्याला केंद्र हवे होते ते बंद करण्यासाठी. गंमत अशी, की दूरत्वाच्या मोहात पडलेला छांदिष्ट आशय गाळतो, तर आरोपपत्राच्या गरजेने बांधलेला पोलिस आशय शब्दशः जपतो. त्याच्या लेखी प्रत्येक वाक्य गुन्हा होते, म्हणून एकही वाक्य क्षुल्लक नव्हते. खटल्यात उषा मेहतांनी, उत्तर देणे बंधनकारक आहे काय एवढे विचारून घेतले आणि नाही असे समजताच कोणत्याही प्रश्नाला उत्तर देण्याचे नाकारले. बोलणारी गप्प राहिली. तिचे बोलणे ऐकणाऱ्याच्या कागदातून उभे राहिले.

अशा संहितेला दुय्यम मानण्याचे मराठी परंपरेला तरी कारण नाही. म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ रचले ते चक्रधरांच्या हातच्या एका अक्षराच्याही आधारावाचून. ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, नागदेवाचार्यांकडून पारखून त्याने लीळा जमवल्या; पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर स्मरणातून पुन्हा सिद्ध झालेल्या पाठांत कोणता भेद कोणाचा हेही नावानिशी नोंदले गेले. ‘बहुधा’ लिहिणारा छांदिष्ट आणि पाठभेद सांगणारा महानुभाव यांच्यात प्रामाणिकपणाचे एक नाते आहे. परंतु साम्य येथेच थांबते. म्हाइंभट श्रद्धेने ऐकलेले लिहितो; १९४२ चा नोंदकर्ता वैऱ्याच्या कानाने. म्हणून काँग्रेस रेडिओच्या संहितेचा अभ्यास करताना तीत कोणाचा कान बोलतो आहे हे आधी ठरवावे लागते. चळवळीचे इतिहासकार या नोंदी निव्वळ पुरावा म्हणून उद्धृत करतात तेव्हा हीच पायरी गाळली जाते.

गोव्यात उलट घडले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून कोकणी व पोर्तुगीजमध्ये ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ चालवला, प्रथम आंबोलीच्या जंगलात उभ्या केलेल्या ट्रकमधून, पुढे कॅसलरॉकहून, थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. लिबियाबाई महायुद्धाच्या काळात मुंबईत युद्धकैद्यांची पत्रे तपासण्याच्या कामावर होत्या आणि नंतर आकाशवाणीत. दुसऱ्याचा मजकूर संशयाने वाचण्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती येथे स्वतः लिहिणारी झाली. पण सहा वर्षांच्या या प्रक्षेपणाबद्दल वाचकापर्यंत पोचते ते मुख्यतः बोलणाऱ्यांचे उत्तरायुष्यातले कथन. त्यात उत्कटता आहे, रानातला एकांत आहे. रोजच्या नोंदीतला तुटकपणा, चुकलेला शब्द, बुडालेला आवाज नाही. सोबत श्रोत्याची वही असती तर तुलनेला दोन बाजू मिळाल्या असत्या.

भारतीय छांदिष्टांची मंडळे आणि पत्रके आहेत. कोलकात्याची ‘इंडियन डीएक्स क्लब इंटरनॅशनल’ १९७९ पासूनची. पण त्यांचे लक्ष मुख्यतः परदेशी अधिकृत केंद्रांकडे राहिले. त्याला भौतिक कारणही आहे. जगभरचे श्रोते बेंगळूर ओळखतात ते आकाशवाणीच्या तिथल्या ५०० किलोवॅटच्या प्रचंड लघुलहरी प्रक्षेपकांमुळे. त्याच शहरात इंदिरानगरसारख्या दाट वस्तीत, एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या खरखरीत, काही वॅटचे युरोपीय वा अमेरिकन चोरटे केंद्र संचावर सापडणे जवळजवळ अशक्य. अशा श्रोत्यासाठी चोरटी नभोवाणी हे प्रथमतः वाचनाचेच साहित्य ठरते. न ऐकलेल्या आवाजाचे वर्णन तो दुसऱ्याच्या नोंदीतून वाचतो. अलीकडे नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठासारख्या ठिकाणचा संगणकजोड संच दुरून फिरवून तो ऐकूही शकतो. अशा वेळी नोंदीत संच कुठला हे सांगावे असा काटेकोर छांदिष्टांचा आग्रह असतो. कान इथला आणि अँटेना तिथली, हा भेद त्यांना पाठभेदाइतका महत्त्वाचा वाटतो.

बिहारच्या वैशाली जिल्ह्यातील ‘राघव एफएम मन्सूरपूर १’ मात्र कोणत्याच वहीत शिरले नाही. काही रुपयांच्या सुट्या भागांतून उभे राहिलेले हे विनापरवाना केंद्र गाणी, स्थानिक बातम्या, हरवल्या-सापडल्याच्या सूचना देत असे आणि आसपासची गावे ते ऐकत. २००६ मध्ये ते बंद करण्यात आले. त्याच्याविषयी वृत्तपत्रांत पुष्कळ आले, सारे त्याच्या चालकाबद्दल आणि त्याच्या स्वस्त यंत्राबद्दल. अमुक दिवशी अमुक वाजता त्याने काय वाचले, कोणाचे हरवलेले गुरू सापडले, हे उतरवून घ्यावे असे ना छांदिष्टाला वाटले, ना पोलिसाला.