मका, गवत आणि जंगल : नंदुरबारच्या संदर्भात एका ग्रंथाची चिकित्सा

प्रस्तावना

मायकेल पोलन यांचा 'द ऑम्निव्हर्स डिलेमा' हा ग्रंथ 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ताटातील अन्न मुळात कोठून येते, याचा शोध घेताना लेखकाने मक्यावर उभी असलेली औद्योगिक शेती, गवतावर उभी असलेली चराऊ शेती आणि जंगल अशा तीन अन्नसाखळ्या मांडल्या आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के आदिवासी लोकसंख्या असलेल्या नंदुरबार जिल्ह्यात ही मांडणी कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन

स्वस्त मक्याने जनावरांना कुरणातून उचलून गोठ्यात कोंडले, हे पोलन यांचे मुख्य प्रतिपादन होय. याउलट व्हर्जिनियातील एका शेतावर गायी चरून गेलेल्या कुरणात कोंबड्या सोडल्या जातात. त्या शेणातील अळ्या टिपतात आणि त्यांच्या विष्ठेने गवत पुन्हा वाढते. एका ठिकाणी पक्ष्यांची दाटी झाली की रोगाचा धोकाही वाढतो. याचा प्रत्यय त्याच वर्षी आपल्याकडे आला. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातील पक्ष्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूर येथील कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. केंद्रांतील पक्ष्यांबरोबर आसपासच्या गावांतील परसातल्या कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. 2021 मध्ये नवापुरात हा रोग पुन्हा आला. येथवर ग्रंथकाराचे म्हणणे मान्य करावे लागते.

मात्र त्यापुढे ही विभागणी अपुरी पडते. पोलन यांच्या ग्रंथात मका हे औद्योगिक शेतीचे प्रतीक आहे. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत ज्वारीबरोबर मक्याचीही भाकरी खाल्ली जाते. तोच मका खाद्य म्हणून कुक्कुटपालनाकडेही जातो. म्हणजे दोष धान्यात नसून ते कोणाच्या हातून कोठे जाते, यात आहे.

गवताविषयीही हेच म्हणता येईल. पाड्यावरील कोंबडी दिवसभर बाहेर चरते, पण तिची अंडी बहुतेक वेळा खुडुक कोंबडीखाली उबवण्यास ठेवली जातात. कोंबडी पाहुण्यासाठी वा सणासाठी राखली जाते आणि शेळी अडीअडचणीला विकली जाते. चराऊ पशुधन ही येथे रोजच्या आहारापेक्षा अधिक करून घराची बचत आहे. जास्त दाम मोजून कुरणातले अंडे निवडणारा ग्राहक ग्रंथात गृहीत धरला आहे. पाड्यावर तो नाही.

जंगलाच्या बाबतीत हे अंतर सर्वाधिक जाणवते. लेखकाने शिकार करून व अळंबी गोळा करून एक जेवण सिद्ध केले. सातपुड्यातील कुटुंबासाठी मोहाची फुले आणि पावसाळ्यातील रानभाज्या हा अपुऱ्या धान्याला दिलेला आधार असतो. त्या जंगलावरील हक्काची कायदेशीर मान्यतादेखील 2006 च्या वनहक्क कायद्यानेच आली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आहेत. राज्य शासनाच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील अंगणवाडीत बालकांना अंडी देण्याची तरतूद आहे. ही अंडी सहसा परसातील कोंबडीची नसतात. औद्योगिक उत्पादन सरसकट त्याज्य ठरवले, तर या बालकाच्या ताटातील अंडे आधी जाईल.

समारोप

पोलन यांचा ग्रंथ 'काय निवडावे' असे विचारतो. नंदुरबारमध्ये निवडीपूर्वीचा प्रश्न उरतो : पिकवणाऱ्या व पाळणाऱ्या घराचा स्वतःच्या ताटावर किती अधिकार आहे? अंगणवाडीची काही अंडी पाड्यांतील महिलांकडून खरेदी करणे, त्यासाठी मानमोडी रोगाचे नियमित लसीकरण व रात्रीच्या सुरक्षित खुराड्याची सोय करणे, हा त्या अधिकाराकडे नेणारा व्यवहार्य मार्ग होय. ग्रंथातील तीन साखळ्या वेगळ्या ठेवून हा मार्ग दिसत नाही. एकाच घरात त्या एकत्र येतात, हे लक्षात घेतल्यावरच तो दिसतो.