वकट, लेंड आणि रावसाहेब

पु. ल. देशपांडे यांचे 'तुम्हाला कोण व्हायचंय? मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर' हे कथन ज्याच्या कानांवरून गेले नाही असा मराठी माणूस आमच्या पिढीत सापडणे कठीण. ध्वनिफितींच्या काळात आदिलाबादच्या मराठी घरांतही ते इतक्या वेळा वाजले की, फीत अडकली तरी वाक्य अडत नसे. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी ते पुरे करीत असे. १२ जून २००० रोजी पुलं गेले, त्याला आता पाव शतक उलटले. तरीही लग्नकार्यात दोन पुलंप्रेमी शेजारी बसले की एकाने सुरुवात करावी आणि दुसऱ्याने पुढे न्यावे, हा क्रम सुटलेला नाही. या भक्तमंडळात आम्हीही आहोतच. परंतु भक्तानेही अधूनमधून चष्मा पुसून मूर्तीकडे पाहावे, या भावनेने हे टिपण लिहीत आहोत.

या कथनाची खरी खुबी त्याच्या घाटात आहे. अमुक शहराचे लोक असे असतात, असे पुलं सांगत नाहीत. तुम्हाला तसे व्हायचे असेल तर काय करावे लागेल, हे ते शिकवतात. मुंबईकर व्हायचे तर क्रिकेट खेळता आले नाही तरी चालेल, त्यावर बोलता आले पाहिजे. पुणेकराला प्रत्येक गोष्टीचा अभिमान हवा आणि प्रत्येक विषयावर मत हवे. नागपूरकराला बोलण्याचा एक खास ढंग हवा. म्हणजे माणसाची ओळख ही जन्माने मिळणारी वस्तू नसून अभ्यासाने साधणारी कला आहे, असा उदार विचार या विनोदाच्या तळाशी आहे. परगावच्या श्रोत्याला तो जवळचा वाटतो, याचे कारण हेच असावे.

मात्र या शाळेत प्रवेश तीनच तुकड्यांना आहे. आदिलाबादकराने कोणत्या तुकडीत नाव घालावे? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आमच्याच जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले आणि आम्ही पैनगंगेच्या या काठावर राहिलो. आधी निजामाचे हैदराबाद, मग आंध्र प्रदेश, २०१४ पासून तेलंगण. आणि २०१६ साली जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. नागपूरच्या आप्तांकडे गेलो की आमच्या बोलण्यात त्यांना तेलुगू हेल ऐकू येतो. हैदराबादच्या कचेरीत गेलो की आम्ही 'महाराष्ट्रवाले' ठरतो. त्या ध्वनिफितीला आम्ही पोट धरून हसलो खरे. पण ते हसणे शेजारच्या घरातील थट्टामस्करीला ओसरीवर बसून दाद देणाऱ्या पाहुण्याचे होते. विनोद कळत होता, परंतु त्यात आमचे नाव नव्हते.

खेळाच्या मैदानावर मात्र आम्ही पाहुणे नव्हतो. विटीदांडूचा डाव आठवावा. विटी जिथे पडली तिथून दांडूने अंतर मोजीत यायचे आणि मोजताना म्हणायचे : वकट, लेंड, मूंड, नाल. ज्या शब्दावर मोजणी संपेल, त्यावरून पुढचा टोला कसा मारायचा ते ठरे. पुण्याच्या वाड्यांतील आणि कोकणातील मुलांनीही पिढ्यान्‌पिढ्या हे शब्द घोकले; त्यांना ते निरर्थक मंत्रासारखे वाटत असणार. आमच्या गल्लीतील तेलुगू सवंगड्यांना त्यात काहीच गूढ नव्हते. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु : तेलुगूत एक, दोन, तीन, चार. त्यांच्या 'चिर्रागोने'त आणि आमच्या विटीदांडूत भांडण होई ते विटी झेलली की जमिनीवरून उचलली याचे. आकड्यांची भाषा कोणाची, याचे कधीच नाही. मराठी बालपणाच्या अगदी गाभ्यातल्या खेळात तेलुगू अंक मुरून बसले आहेत, ही गोष्ट सीमेवरच्या पोराला न शिकवता ठाऊक होती.

ही मिसळण विनोदात उतरावी कशी, याचा उत्तम नमुनाही पुलंनीच दिला आहे. दुर्दैवाने भक्तांच्या पाठांतरात तो मागे पडतो. आम्ही 'गणगोत'मधील 'रावसाहेब' या व्यक्तिचित्राविषयी बोलत आहोत. पुलं काही काळ बेळगावला प्राध्यापक होते, तिथला हा स्नेह. रावसाहेबांच्या मराठीवर कानडीचा घट्ट पगडा. शब्दांची लिंगे हवी तशी फिरतात, शिव्यांना तोटा नाही, आणि संगीत व नाटक यांवर जीव ओवाळून टाकलेला. वाचक आधी त्या व्याकरणाला हसतो. चार पाने गेल्यावर त्याच्या ध्यानात येते की या तोंडी शुद्ध मराठी घातली तर रावसाहेब उरणारच नाहीत. तीन शहरांच्या कथनात बोली ही ओळखीची खूण आहे. 'रावसाहेब'मध्ये बोली हाच माणूस आहे. पहिल्यात नमुना भेटतो, दुसऱ्यात सोयरा. म्हणूनच शेवटी रावसाहेब गेल्याचे कळते तेव्हा आपलेच कोणी गेल्यासारखे वाटते.

महसूल खात्यातील नोकरीत आम्हाला असे रावसाहेब पुष्कळ भेटले. तेलुगूत निर्जीव वस्तूंना स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा काच नाही, त्यामुळे आमचे तेलुगू सहकारी आम्हाला आपुलकीने मराठीत सांगत, "फाईल आला, टपाल आली." आमची तेलुगू ऐकून त्यांचीही तितकीच करमणूक होत असे. कोणी कोणाला हसले, याचा हिशेब बरोबरीत सुटे. अशा हसण्यात अपमान नसतो, कारण दोन्ही पक्ष दुसऱ्याच्या अंगणात धडपडलेले असतात.

याच बळावर सीमेवरच्या रसिकाला एक जास्तीचा लाभ मिळतो. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या प्रयोगात एकट्याने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या आणि मराठवाडी बोलीला रंगमंचाच्या मध्यभागी आणले. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ साली, तेलुगूत मोक्कपाटि नरसिंह शास्त्री यांच्या 'बॅरिस्टर पार्वतीशम्'चा पहिला भाग आला. त्यातला मोगलतुरूचा भाबडा तरुण बॅरिस्टर होण्यासाठी विलायत गाठतो आणि वाटेत पावलोपावली फजीत होतो. दोन भाषा, दोन काळ; पण युक्ती एकच : आपल्या गावाला लंडनच्या आरशापुढे उभे करावे, म्हणजे गावही हसू येण्याजोगे दिसते आणि लंडनही. या दोन्ही कृती मुळातून वाचू-ऐकू शकणारा वाचक पुण्यात विरळा. आमच्याकडे तो घरोघरी होता.

'होता' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. आमची नातवंडे ब्रह्मानंदम् यांच्या विनोदाला खळखळून हसतात, याचा आम्हाला विषाद नाही. तो विनोद आमचाही आहे. विषाद आहे तो याचा, की त्यांना मराठीत हसण्यासारखे आम्ही दिले ते सारे मुंबई-पुण्याचे. आमच्या घरातील मराठी-तेलुगू-दखनी बोलण्याची जी गंमत आम्ही रोज भोगली, ती अशुद्ध समजून कागदावर कधी येऊ दिली नाही. पुलंची वाक्ये म्हणून दाखवण्यात त्यांच्याविषयीचे प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु त्यांनी रावसाहेबांकडे ज्या नजरेने पाहिले तिने आपल्या आजोबांकडे, शेजाऱ्यांकडे पाहून चार पाने लिहावीत, हे त्याहून मोठे प्रेम होय.

लिहिण्यास आरंभ कोठून करावा, असा प्रश्न पडणाऱ्यांना एक सोपा स्वाध्याय सुचवतो. विटीदांडूच्या मोजणीत 'नाल'पुढचे शब्द गावोगाव बदलत असत. बेला, जैनद, बोथ, मुधोळ, भैंसा येथील जाणत्या वाचकांनी आपापल्या गल्लीतले शब्द आठवून या पत्रिकेकडे धाडावेत. आणि ते शब्द ज्या सवंगड्याच्या तोंडी ऐकले, त्याची हकिगतही सोबत लिहावी.