साउथबरो कमिटीपुढील साक्षी आणि नागपूरची परिषद

मताधिकाराच्या चौकशीसाठीं नेमलेल्या साउथबरो कमिटीपुढील साक्षी म्हणजे १९१९ सालचें लोकमत, असें गृहीत धरून लिहिण्याची वहिवाट आमच्या अभ्यासकांत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. बखर हातीं आली कीं ती कोणीं, कोणासाठीं व किती वर्षांनीं लिहिली हें आपण आधीं विचारतों. सरकारी छापील पुस्तक मात्र मुकाट्यानें उतरून घेतों. वस्तुतः कोणाची साक्ष घ्यावयाची हें कमिटीनेंच ठरविलें, आणि शेवटचा आंकडाहि तिनेंच घातला.

डॉ. आंबेडकरांची साक्ष २७ जानेवारी १९१९ रोजीं मुंबईस झाली. प्रतिनिधित्वाचा हक्क व सरकारी अधिकारपदाचा हक्क हे नागरिकत्वाचे मुख्य हक्क होत. म्हणून अस्पृश्यांसाठीं मतदाराची पात्रता खालीं आणावी व त्यांचे प्रतिनिधी त्यांनींच निवडावेत, असें त्यांचें म्हणणें होतें. कमिटीनें मुंबई इलाख्याच्या ११३ जागांपैकीं एक सुचविली, तीहि नेमणुकीची. आमच्या मध्यप्रांताचा हिशेब याहून बोलका आहे. हिंदुस्थान सरकारच्या खलित्याप्रमाणें प्रांताची लोकसंख्या १ कोटि २० लक्ष, त्यांत हा वर्ग ३७ लक्ष. कौन्सिलच्या जागा ७२, आणि त्यांतील यांस एक! मुंबईत हा वर्ग अवघा ६ लक्ष धरला होता, तेथेंहि एकच. आठ प्रांतांच्या ७९१ जागांत मिळून सात. हें अपुरें आहे, असें खुद्द त्या खलित्यासच म्हणावें लागलें.

पुढें पार्लमेंटच्या संयुक्त कमिटीनें लंडनांत साक्षी घेतल्या. तेथें लोकमान्य टिळक होते. साउथबरो कमिटीनें स्त्रियांना मत नाकारलें म्हणून सरोजिनी नायडू व हेराबाई टाटाहि गेल्या. बोटीचें भाडें ज्यांस जुळलें नाहीं, त्यांचें मत त्या पुस्तकांत शोधणें व्यर्थ होय.

तें मत नागपुरास प्रकट झालें. ३० मे ते १ जून १९२० या दिवसांत शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखालीं बहिष्कृत समाजाची अखिल भारतीय परिषद येथें भरली. कायदा १९१९ च्या डिसेंबरांत झालेला, निवडणुका त्याच वर्षअखेर व्हावयाच्या. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशननें अशी सूचना केली होती कीं, अस्पृश्यांचे प्रतिनिधी कौन्सिलच्या सभासदांनीं निवडावेत; सरकारनें वा अस्पृश्यांच्या संस्थांनीं निवडूं नयेत. डॉ. आंबेडकरांनीं तिच्यावर कडाडून टीका केली व परिषदेनें ती नापसंत केली. शिंद्यांच्या सेवेस आम्ही उणें लेखीत नाहीं. १९०६ पासून त्यांनीं या कामीं आयुष्य वेंचलें. परंतु आमच्या वतीनें कोण बोलणार, हा प्रश्न ज्यांचा होता त्यांनींच तो येथें सोडविला. कौन्सिलांत मात्र नेमणूकच चालू राहिली. या परिषदेचा वृत्तांत चरित्रग्रंथांतून व जुन्या वृत्तपत्रांतून गोळा करावा लागतो, म्हणून तो दुय्यम ठरत नाहीं. किंबहुना साक्षींच्या पुस्तकाची परीक्षा त्यावरूनच होते.

१९३२ सालीं लोथियन कमिटी आली, तेव्हां साउथबरोपुढील हा साक्षीदार स्वतः सभासद होता. मध्यप्रांत-वऱ्हाडचे श्रीपाद बळवंत तांबे हेहि होते. तांबे यांनीं चिंतामणि व बखले यांच्यासह भिन्नमत नोंदविलें, डॉ. आंबेडकरांनीं स्वतंत्र टिपण जोडलें. हीं दोन्ही अहवालाबरोबर छापलेलीं आहेत; नागपूरच्या ठरावांस तशी जागा कोणत्याहि अहवालांत मिळाली नव्हती.