उसाचा दर काय सांगतो, काय सांगत नाही

अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. प्रत्येक सभासदाला एक मत आणि सर्वांच्या उसाला टनामागे एकच दर, हे अशा कारखान्यांचे तत्त्व. मग लहान शेतकऱ्याची लूट होते की नाही, हे ओळखायचे कसे?

अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी व देबराज राय यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला निबंध या प्रश्नाला अर्थमितीच्या साधनांनी भिडतो. महाराष्ट्रातील सुमारे शंभर कारखान्यांची १९७१ ते १९९३ या काळातील आकडेवारी त्यांनी तपासली. त्यांचा तर्क असा : कारभार हाती असलेले बडे सभासद दर कमी ठेवतात आणि उरलेला पैसा आपल्या सोयीने वळवतात. पण त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या उसालाही कमीच दर मिळतो. बहुतेक सभासद बडेच असतील तर लुटायला कोणी उरत नाही. बहुतेक लहान असतील तर सत्ता त्यांच्याच हाती जाते. म्हणजे दर दोन्ही टोकांना चढा आणि मध्ये पडलेला दिसायला हवा. आकड्यांनी या तर्काला दुजोरा दिला.

पद्धतीचे बळ इथे आहे. सरळ रेषा माती, पाणी, साखरेचा उतारा अशा अनेक कारणांनी मिळू शकते. मध्ये खोलगट असलेली वक्ररेषा आधी सांगून मग सापडणे अवघड.

उणीव मात्र आहे. वळवलेला पैसा दरावरून ताडला आहे, आणि गणितात तो बड्यांचाच लाभ ठरतो. आपल्याकडे कारखान्यांच्या आधाराने शाळा-महाविद्यालये निघाली. तिथे अल्पभूधारकाची मुलगी शिकली, तर ती लूट की गुंतवणूक? नुसता दर याचे उत्तर देत नाही. अर्थात शाळा निघाली म्हणून लूट झालीच नाही, असेही म्हणता येणार नाही. प्रवेश कोणाला मिळाले, नेमणुका कोणाच्या हाती राहिल्या, हे वेगळे मोजावे लागेल.

आलेख शिकवताना ही वक्ररेषा फळ्यावर जरूर काढावी. आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, हे आपण विचारतोच. कोणत्याच अक्षावर न आलेले काय, हेही मुलांना विचारावे.