प्रेम कोणत्या दप्तरात शोधावे?

फराळ आटोपला की पुस्तक घेऊन बसण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. जळगावच्या व. वा. वाचनालयात जा की धुळ्याच्या गरुड वाचनालयात, ऐतिहासिक कादंबरी मागणारा वाचक हटकून भेटतो. त्याला लढाई हवी असतेच; पण मोहिमेवर निघालेल्या धन्याला निरोप देणारी वाड्यातली स्त्री त्याला अधिक हवी असते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले, आणि त्यांचा कागदपत्रांचा संग्रह तेथील संशोधन मंडळाने जतन केला. अस्सल कागदावाचून पाऊल न टाकणाऱ्या या पुरुषाने १९०२ साली ‘कादंबरी’ या विषयावर निबंध लिहिला, हे ध्यानात ठेवावे.

तरीही अशा कादंबरीचे परीक्षण बहुधा एकांगी होते. एक टीकाकार सनावळ्या तपासतो, दुसरा किती वेळा डोळे भरून आले ते मोजतो.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ घ्या. ती १९६२ साली निघाली, आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. १७६८ साली खानदेशच्या वेशीवरील धोडपला त्यांनी चुलत्याचा पराभव केला. १७७२ साली, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या. इतके दप्तर सांगते. पतिपत्नींचे एकांतातील बोलणे कोणता कारकून टिपून ठेवणार? ते रचण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे, आणि देसायांनी तो संयमाने वापरला आहे. राज्यकारभार, कर्ज, भाऊबंदकी यांतून उरलेल्या चार घटकांतच हे प्रेम वाढते. तसे ते त्या काळातच वाढू शकते. म्हणून ते खरे वाटते.

परंतु अखेरीस एक अवघड जागा येते. इतक्या ताटातुटीनंतर चिता ही जणू प्रेमाची स्वाभाविक सांगता वाटू लागते. डोळे पाणावतात आणि विवेक डुलकी घेतो. बंगालमध्ये १८२९ साली आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात सतीबंदी झाली, हे आपण त्या क्षणी विसरतो. घटना घडली होती. ती बदलावी असे कोणी म्हणणार नाही. पण त्या बाईच्या मनात भय, राग, जगण्याची ओढ यांपैकी काही उठले असेल का, याला कादंबरीने पुरेशी जागा दिली आहे का? माझ्या मते नाही. रमाबाईंना सोज्वळपणा भरपूर मिळाला, स्वतंत्र मन मात्र थोडेच मिळाले.

‘स्वामी’ अवश्य वाचावी, मोठ्याने वाचावी. शेवटचे पान मिटल्यावर मात्र घरातील लेकीसुनांना एवढेच विचारावे: रमाबाईंना काय हवे होते? जी उत्तरे येतील, ती छापील परीक्षणांपेक्षा अधिक मोलाची असतील.