‘मोदक’ फॉन्ट : फुगीर देवनागरी अक्षराचे सामर्थ्य व मर्यादा

देवनागरी मुद्राक्षर म्हणजे गंभीर, शिस्तबद्ध अक्षर, अशी मराठी वाचकाची जुनी सवय आहे. मुंबईतील ‘एक टाइप’ या संस्थेचा, २०१५ साली गुगल फॉन्ट्सवर विनामूल्य उपलब्ध झालेला ‘मोदक’ या सवयीला छेद देतो. त्यातील देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी, तर रोमन अक्षरे नूपुर दात्ये यांनी घडविली. उकडीच्या मोदकासारख्या गुबगुबीत अशा या अक्षरांच्या पोटात पांढरी जागा रेषेपुरतीच उरते.

त्याची कसोटी येथेच लागते. ‘प’ आणि ‘ष’, ‘घ’ आणि ‘ध’ यांतील भेद थोड्याशा रिकाम्या जागेवर अवलंबून असतो. लहान आकारात ती जागा बुजते. त्यामुळे बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, मिठाईचे खोके, उत्सवाचा फलक येथे ‘मोदक’ खुलतो. परिच्छेदात मात्र गुदमरतो.

दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षर अन्य लिपीहून लहान नसावे, असा दंडक २०२२ च्या कायदादुरुस्तीने घातला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वा मुलुंड येथील दुकानांनाही तो लागू आहे. परंतु रोमन नाव डौलदार आणि त्याखालील मराठी नाव निर्विकार, अशी पाटी नियमात बसूनही मराठीला दुय्यमच ठेवते. ‘मोदक’ दोन्ही लिपींना एकच खेळकर स्वभाव देतो. कायदा अक्षराला आकार देऊ शकतो. व्यक्तिमत्त्व देण्याचे काम अक्षररचनाकाराचेच होय, हे या फॉन्टवरून स्पष्ट होते.