दाराबाहेरची सुझन

घराने ज्याला टाकले असा नायक वाङ्मयाला नेहमीच प्रिय राहिला आहे. त्याच्याविषयी वाचकाच्या मनात आधीपासूनच ओलावा असतो. लेखकाला तो वेगळा कमवावा लागत नाही. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या नायकाविषयी लिहिताना आम्हांस प्रथम हे सांगावेसे वाटते. गेल्या वीस वर्षांत या नायकाच्या पदरात त्याच्या लेखकांनी दुःखाचे मोठे माप घातले. आई नाही, देश नाही, गणगोत नाही. त्या दुःखाला आमचा आक्षेप नाही. परंतु ज्याला सर्वांनी सोडले त्याने स्वतः कोणाला सोडले, हा प्रश्न विचारायचे बहुतेकांकडून राहून गेले आहे.

मालिका ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडी माहिती देणे आवश्यक आहे. बीबीसीने तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी दाखविला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. त्या गडबडीत अनेकांचे पाहावयाचे राहिले, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. नायक परग्रहावरचा. त्याचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही. सारे त्याला 'डॉक्टर' म्हणतात. त्याचे यान म्हणजे टार्डिस. बाहेरून ते लंडनच्या रस्त्यावरील निळ्या पोलीस-पेटीएवढे, आतून मात्र प्रशस्त. त्यातून भूतकाळात वा भविष्यात, कोठेही जाता येते. मरण समोर ठाकले की डॉक्टरचा देह पालटतो. नट बदलण्याची ही युक्ती सोयीचीच. तिच्या बळावर मालिका १९८९ पर्यंत चालली, आणि २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली.

पहिल्या भागाचे दिग्दर्शन वारिस हुसेन यांचे. त्यांचा जन्म १९३८ सालचा, लखनौचा. त्यांच्या मातोश्री अतिया हुसेन यांची 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. लखनौचे एक जुने घराणे काळाच्या रेट्याखाली कसे विस्कटत गेले, हा तिचा विषय होय. लहानपणीच मायभूमी सुटलेल्या या तरुणाने जो पहिला भाग चित्रित केला, त्यात एक वृद्ध आपल्या नातीच्या शिक्षकांना सांगतो की आम्ही दोघे आमच्या जगापासून तुटलेले आहोत, एक दिवस परत जाऊ. आणि तो वृद्ध साकारणारे विल्यम हार्टनेल? अविवाहित मातेच्या पोटी १९०८ मध्ये जन्मलेल्या या नटाला आपला पिता कोण, हे अखेरपर्यंत कळले नाही. अशा योगायोगांना फार अर्थ चिकटविण्याची आमची प्रवृत्ती नाही. तरीही त्या कृष्णधवल भागांत जे एक पोरकेपण भरून राहिले आहे, ते कथानकाच्या गरजेपेक्षा अधिक आहे, हे खरे.

ती नात म्हणजे सुझन. कॅरोल ॲन फोर्ड या अभिनेत्रीने ही भूमिका केली. आजोबांखेरीज तिला कोणी नाही, आणि तिच्याखेरीज आजोबांना कोणी नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहीत आहोत, त्याकडे वळू. टेरी नेशन यांनी लिहिलेल्या सहा भागांच्या कथेचा शेवटचा भाग २६ डिसेंबर १९६४ रोजी, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, दाखविला गेला. बाविसाव्या शतकातील लंडन डॅलेक नावाच्या निर्दय यंत्रजीवांनी उद्ध्वस्त केले आहे. प्रेक्षकांतील मोठ्यांना ते लंडन नवे नव्हते; पुरी पंचवीस वर्षेही झाली नव्हती, तोवरच त्यांनी बॉम्बवर्षावात ते खरोखर पाहिले होते. डॅलेकांचा पाडाव होतो. लढ्यातील डेव्हिड हा तरुण सुझनला लग्नाचे विचारतो. तिचे मन त्याच्यावर जडलेले आहे. परंतु म्हातारे आजोबा एकटे पडतील, म्हणून ती नकार देते. त्याआधी आजोबांनी तिचा एक जोडा पाहिलेला असतो. तळ पार झिजून त्याला भोक पडले आहे. दुरुस्त करून देतो, असे म्हणून ते तो आत नेतात. मग टार्डिसचे दार आतून बंद होते. दाराबाहेर उभ्या असलेल्या नातीचा निरोप ते ध्वनिक्षेपकावरून घेतात, आणि पेटी नाहीशी होते. सुझनच्या हातात टार्डिसची किल्ली आहे. ती किल्ली ती खाली टाकते.

या प्रसंगाचे मोठेपण त्या झिजलेल्या जोड्यात आहे. वणवण करणाऱ्या माणसाबरोबर वाढलेल्या मुलीच्या पायांत धड जोडाही नाही, हे आजोबांना त्या क्षणी दिसते. तिला घर हवे, हे त्यांना पटते. येथवर हा त्याग होय, आणि हार्टनेल यांचा कापरा आवाज त्या त्यागाचे सारे मोल चुकते करतो. परंतु त्यांनी तिला विचारले नाही. नात आपल्याच दाराबाहेर उभी असताना त्यांनी कडी लावली. तुझ्या भल्यासाठी, असे म्हणून मुलींच्या आयुष्याचा निर्णय परस्पर घेणारी वडीलधारी मंडळी आपणांस अपरिचित नाहीत. त्यांतील कित्येक निर्णय चांगलेही ठरतात. सुझनचाही ठरला असेल. आजोबांनी तिला घर दिले की तिला टाकले, याचे एकच उत्तर हा प्रसंग देत नाही, आणि त्यामुळेच तो साठ वर्षांनंतरही जिवंत आहे. लेखकाने येथे एक शब्द अधिक लिहिला असता, तर तो बिघडला असता.

पुढे काय झाले? पुढच्याच शनिवारी, २ जानेवारी १९६५ रोजी, सुरू झालेल्या कथेत डॉक्टरला दुसऱ्या ग्रहावर विकी नावाची पितृहीन मुलगी भेटते, आणि तो तिला बरोबर घेतो. नातीची जागा भरावयास एक आठवडा लागला! निर्मात्यांची ती व्यावहारिक गरज होती, हे आम्ही जाणतो. परंतु पात्राच्या स्वभावावर तिचा ठसा उमटला तो उमटलाच. आईबापांविना राहिलेली मुले डॉक्टर बरोबर घेतो, आणि मागे राहिलेल्यांकडे वळून पाहत नाही. १९६७ मध्ये, पॅट्रिक ट्रौटन डॉक्टर असताना, वडील गमावलेल्या व्हिक्टोरियाची तो समजूत घालतो. माझ्या घरची माणसे माझ्या मनात निजलेली असतात, मी बोलावले तरच जागी होतात, असा त्याच्या बोलण्याचा आशय. प्रसंग अतिशय हळुवार आहे. मात्र त्या निजलेल्यांत एक जिवंत नातही होती, हे आठवले की त्याला वेगळीच धार येते. १९८३ च्या विशेष भागात दोघांची गाठ पडते खरी, पण गर्दीत. त्या बंद दाराविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही.

२००५ नंतरच्या लेखकांनी डॉक्टरला शोकनायक केले. रसेल टी. डेव्हिस यांनी त्याचा ग्रह गॅलिफ्रे महायुद्धात नष्ट करून टाकला. २०१३ मध्ये तो वाचल्याचे कळले. हानी ग्रहाएवढी केली की ती भरूनही काढता येते, हा या प्रकारच्या लेखनातला दोष होय. जोड्याच्या भोकाचे तसे नसते.

१ मार्च २०२० रोजी दाखविलेल्या भागात ख्रिस चिबनल यांनी आणखी पुढची पायरी गाठली. डॉक्टर मूळची गॅलिफ्रेची नव्हेच (त्या वेळी जोडी व्हिटेकर ही भूमिका करीत होत्या). कोण्या अज्ञात जगाच्या वेशीवर टाकलेले ते मूल. टेक्टियन नावाच्या स्त्रीने ते उचलले, वाढविले, आणि देह पालटण्याची त्याची शक्ती आपल्या लोकांसाठी काढून घ्यावी म्हणून त्याच्यावर पुन:पुन्हा प्रयोग केले. पालक मुलाकडे उपयोगाची वस्तू म्हणून पाहतो, ही कल्पना भयानक आहे, आणि तिच्यात मोठ्या नाटकाचे बीज होते. ते बीज रुजले नाही. सारी हकिगत खलनायक लांबलचक निवेदनात सांगून टाकतो, आणि आपण ती जणू वर्गात बसून ऐकतो. शिवाय त्या मुलाचे मोल त्याच्या अद्भुत शक्तीत ठेवले आहे. पायरीवर सापडलेल्या सामान्य मुलाला या कथेत कोठे जागा आहे?

ही जागा पुढे डेव्हिस यांनीच करून दिली. २५ डिसेंबर २०२३ च्या भागात रुबी संडे ही तरुणी येते. २००४ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री तिला चर्चच्या पायरीवर ठेवून कोणी स्त्री निघून गेली होती. तिची आई कोण, हे रहस्य सहा महिने ताणून धरल्यावर २२ जून २०२४ च्या भागात उलगडा झाला: आई एक साधी बाई, प्रसूतीच्या वेळी अवघ्या पंधरा वर्षांची. पुष्कळ प्रेक्षक हिरमुसले. त्यांना देवता किंवा राक्षसी हवी होती. आम्हांस मात्र हा उलगडा २०२० च्या चुकीची दुरुस्ती वाटला. रुबी एका कॉफीच्या दुकानात आईसमोर जाऊ लागते, तेव्हा डॉक्टर तिला सावध करतो. तिला सापडावयाचे असते तर ती सापडली असती, असा त्याचा सूर. रुबी त्याचे ऐकत नाही. जाते, आणि आई तिला ओळख देते.

तो तिला का अडवतो? आमच्या मते येथे सोडलेले मूल बोलत नसून नातीला सोडून गेलेले आजोबा बोलत आहेत. सोडून जाणाऱ्याला कोणी हाक मारलेली नको असते, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक आहे. लेखकाला हा अर्थ अभिप्रेत होता की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु १७ मे २०२५ च्या भागात डॉक्टरला सुझनचे दर्शन घडते, आणि त्यासाठी चौऱ्यांशी वर्षांच्या कॅरोल ॲन फोर्ड यांनाच पुन्हा बोलाविले गेले. ती त्याच्या मनात दिसते, मला शोध म्हणते. प्रत्यक्ष भेट नाही. काळात कोठेही जाऊ शकणाऱ्या या प्रवाशाला तिचे शहर ठाऊक आहे, शतकही ठाऊक आहे.

ही मालिका मुलांसमवेत पाहू इच्छिणाऱ्यांनी १९६४ च्या कथेपासून आरंभ करावा, असे आम्ही सुचवू. त्या काळचे अनेक भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले. हे सहा भाग सुदैवाने शाबूत आहेत. डॅलेकांची उडती तबकडी खेळण्यातली आहे, हे आजची मुले क्षणात ओळखतील आणि हसतील. त्यांना हसू द्यावे. सहाव्या भागाची शेवटची काही मिनिटे मात्र मध्ये न थांबता पाहावीत, आणि आजोबांचे बरोबर की चूक, हे प्रथम घरातल्या मुलींना विचारावे.